घराण्याचा आजार आणि माशाचे तेल

एका वृद्ध वैद्यांच्या दवाखान्यात एकदा एक धडधाकट व्यापारी पत्नीसह आला. मधुमेहाने त्याचे आजोबा गेले, वडील गेले. आता पाळी आपली, या धास्तीने तो माशाच्या तेलाच्या गोळ्या घेई. घर शाकाहारी. त्यामुळे बाटली मागच्या पडवीत असे आणि पत्नी रोज नाकाला पदर लावून गोळ्या काढून देई.

"यानं इन्सुलिन नीट लागू पडतं म्हणतात. वाढवू का अजून?" व्यापाऱ्याने तपासणीचे कागद पुढे केले.

ते चाळून वैद्यांची शिष्या हसली. "शेठजी, तुमची साखर माझ्यापेक्षा चांगली आहे!"

वैद्य मात्र उठून पायरीपर्यंत गेले. तिथे पडलेली एक चप्पल त्यांनी उचलली आणि व्यापाऱ्याच्या पत्नीच्या पायाशी आणून ठेवली.

"अगंबाई! तुम्ही कशाला हात लावलात?" ती ओशाळली. "पायातनं कधी निघाली, कळलंच नाही."

"वेंधळी आहे झालं," व्यापारी म्हणाला. शिष्येलाही तसेच वाटले.

"पाय दाखवा, बाई," वैद्य म्हणाले.

तळव्याला चिंचोक्याएवढी काळी जखम होती. आत बारीक खिळा रुतलेला. तिला वेदना कसलीच नव्हती. शिष्येने तिच्या बोटातून रक्ताचा थेंब घेतला, यंत्रावरचा आकडा वाचला आणि पुन्हा हसली नाही.

"पण आजार आमच्या घराण्यातला," व्यापारी चाचरला. "ही तर बाहेरून आलेली."

वैद्य शांतपणे म्हणाले, "शेठजी, आजार म्हणजे वडिलोपार्जित जमीन नव्हे, मुलांच्याच नावावर चढायला. निरोगी माणसांना हे तेल देऊन पाहिले आहे. इन्सुलिनच्या कामात म्हणावा असा फरक पडत नाही. तेलाने तुमचे काही बिघडलेही नाही. पण घरातली सगळी काळजी त्या गोळीत संपली. हिचे रक्त तपासावे, हे कुणाला सुचले नाही."

"मीही घेतल्या असत्या गोळ्या, तर?" पत्नीने विचारले.

"तरी हे टळले नसते. वेळेवर तपासले असते, तर बहुधा टळले असते."

"पाय राहील ना? लेकीचं लग्न तोंडावर आलंय."

"जीव राहावा, असा प्रयत्न करू."

व्यापारी खाली बसला. शिष्येने इस्पितळासाठी चिठ्ठी लिहायला घेतली.

पुढे कुणी धडधाकट माणूस अशीच धास्ती घेऊन आला, की ती त्याचे कागद बाजूला ठेवून विचारी, "तुमच्या घरी सगळ्यांच्या मागून कोण जेवतं? आधी त्यांना घेऊन या."