वाटसरूचा काठ

पाडव्यापासून अक्षय्य तृतीयेपर्यंत कधी रंभापुरात आलात, तर वेलजाईच्या देवळात जा, पण आधी देवीच्या मुखवट्याकडे पाहू नका. तिच्या पायांशी पाहा. या दिवसांत तिला जे रेशमी लुगडं नेसवतात, त्याच्या वरच्या काठावर आमच्या शहराची राईवेल ही नक्षी आहे. पान, कोयरी, पान, कोयरी, टोकापर्यंत केसाचा फरक नाही. पायांशी येणारा काठ मात्र बिघडल्यासारखा दिसतो. कुठे टपोरं फूल, कुठे नुसता ठिपका, मध्येच बोटभर रिकामी जागा, लगेच तीन नक्ष्या एकमेकींना खेटून. एकदा आलेली नक्षी पुन्हा येत नाही.

बाहेरचे लोक देवळातून माझ्या दुकानात येतात आणि म्हणतात, "शेट, विणकराचा हात चुकलाय." मी म्हणतो, बसा, पन्हं घ्या. पन्हं येईपर्यंत त्यांच्या काखेतली पिशवी बघून घेतो. राग मानू नका. चार इयत्ता शिकलेला माणूस मी, कापड पारखायला शिकलो ते आधी उलटी बाजू बघून, आणि माणसाच्या बाबतीतही ती खोड गेली नाही. आमच्या साळीपेठेत ती सगळ्यांनाच आहे. त्या काठाची हकिकतही त्या खोडीचीच आहे.

आधी एक गोष्ट समजून घ्या. जुन्या मागावर नक्षी कागदावर नसायची. ती असायची दोऱ्याच्या गाठींत. मागाच्या वर गाठी मारलेल्या दोऱ्या टांगलेल्या असत. त्या ठरलेल्या क्रमाने ओढल्या की ताण्याचे, म्हणजे उभे, धागे उचलले जात आणि खाली पान, कोयरी उमटे. त्या दोऱ्यांना आम्ही जाळा म्हणतो. ज्याच्या हाती जाळा, त्याच्या हाती काठ. म्हणून राईवेलीचा जाळा पेठेत कडीकुलपात असे. घरात आलेल्या नव्या सुनेला पहिलं मूल होईपर्यंत त्या मागाच्या खोलीत पाऊल टाकू देत नसत. जावयाला तर कधीच नाही. जाळा चोरणाऱ्याचा उजवा अंगठा कापत, असंही सांगतात. प्रत्यक्ष कुणाचा कापल्याचं माझ्या ऐकिवात नाही, पण भीती घालायला अशी गोष्ट बरी पडते.

तर सात-आठ पिढ्यांमागे, पाडव्याच्या सकाळी, दिल्ली दरवाजाने एक तरुण शहरात आला. अंगात जाड बंडी, पाठीला घोंगडी, वय एकोणीस-वीस. नाव हैबती. घाटमाथ्यावरच्या आडदरा नावाच्या वीस घरांच्या वाडीतून आलो म्हणाला. वेशीवरच्या पहारेकऱ्याने विचारलं, "काम काय?"

"काम न्हाई. शेर बघायचंय."

"माल आणलाय?"

"न्हाई."

"कुणाकडं उतरणार? सोयरीक आहे का इथं?"

"न्हाई. बघणार आन जाणार."

झालं. ज्याला काही विकायचं नाही, घ्यायचं नाही, कुणाला भेटायचं नाही, असा माणूस रंभापुरात कधी आला नव्हता. दुपारच्या आत ही बातमी पेठेचे प्रमुख लिंबाशेट यांच्या कानी गेली. लिंबाशेट पान जुळवत होते म्हणे. हातातलं पान खाली ठेवून त्यांनी एकच विचारलं, "हातात काय आहे त्याच्या?"

"दोरी आहे, शेट. काहीतरी बघतो आणि गाठ मारतो."

लिंबाशेटांनी त्या दिवशी पान खाल्लं नाही.

त्याच दुपारपासून हैबतीच्या मागे माणसं लागली. हैबती हौदावर गेला की फुलवाली तिथे टोपली घेऊन बसे. तो हत्तीखान्यापाशी थांबला की न्हावी समोरच्या ओट्यावर धोकटी उघडून बसे. रंगाऱ्यांच्या घाटावर नदीचं पाणी अर्धं लाल, अर्धं निळं वाहतं, ते तो दोन घटका बघत राहिला, तेव्हा तीन माणसं शेजारी कपडे धूत होती, आणि तिघांचेही कपडे कोरडे होते. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला बायकांच्या घोळक्यामागून त्याने आरास पाहिली. कैरीची डाळ द्रोणात मिळाली ती खाल्ली आणि गाठ मारली. कुस्त्यांच्या फडात गाठ. लेझमीच्या मिरवणुकीत दोन गाठी, एक मोठी, एक बारकी, मध्ये अंतर सोडून. खुद्द लिंबाशेट आपलं गुलाबी पागोटं सावरत आंब्याच्या बुंध्यामागून बघत. संध्याकाळी पेठेत बैठक बसे आणि ज्याने त्याने आपण काय पाहिलं ते सांगायचं. तो कुठे उभा राहिला, किती वेळ, कोणाशी बोलला, काय खाल्लं.

पण खरा घोर गाठींचा होता. मोठी गाठ, बारकी गाठ, मध्ये सोडलेली जागा! दुसऱ्या गावच्या माणसाने ती दोरी पाहिली असती तर भोळ्या खेडवळाचा चाळा म्हणून हसला असता. आमचे लोक विणकर. त्यांना गाठीची दोरी म्हणजे जाळाच दिसणार. हा कुणा परक्या पेठेने पाठवलेला, शहर बघायचं ढोंग करून राईवेल उतरवून नेतोय, याबद्दल कुणाच्या मनात शंका उरली नाही.

पाडव्याला सुरू झालेली देवीची जत्रा संपली. अक्षय्य तृतीयेच्या दुसऱ्या दिवशी हैबती घोंगडी खांद्यावर टाकून निघाला. वेशीपाशी त्याला धरून पेठेत आणलं. दोरी हातावर गुंडाळलेली होती. सोडवून मोजली तर अकरा हात भरली.

लिंबाशेट म्हणाले, "कुणी पाठवलं?"

"वाडीनं."

"कोणती पेठ आहे वाडीत? किती माग?"

"माग न्हाई. शेरडं हायेत."

लोक हसले. लिंबाशेट हसले नाहीत. "आणि ही दोरी?"

मग हैबतीने जे सांगितलं ते असं. आडदऱ्याहून खाली उतरायला वाट बिकट. म्हातारे, बायका, पोरं कुणी शहर बघितलेलं नाही, बघणारही नाहीत. म्हणून दर बारा वर्षांनी वाडी एकाला निवडते, घराघरातून मूठमूठ पीठ बांधून देते आणि दर खेपेला निराळं शहर बघायला धाडते. परत आल्यावर त्याने पारावर बसून सगळ्यांना शहर सांगायचं. देवासमोर शपथ घालतात, जे पाहिलं त्यातलं काही गाळायचं नाही आणि न पाहिलेलं एक अक्षर बोलायचं नाही. दोरी त्यासाठी. एकेक गाठ म्हणजे एकेक पाहिलेली गोष्ट.

आता हे ऐकून तुमचा विश्वास बसला असता का? खरं सांगा. माझा बसला नसता. पेठेचाही बसला नाही.

त्या वेळी पेठेत तान्हाआत्या नावाची विधवा विणकरीण होती. राईवेलीवर तिच्याइतका हात कुणाचा नव्हता आणि तोंडाचीही ती तिखट होती. ती म्हणाली, "भांडता कशाला? दोरी मागावर चढवा. चोरीची असेल तर आपला काठ खाली उतरेल. माग कुणाची भीड धरत नाही."

तोड सगळ्यांना पटली. पण दोरी मागावर चढवायची तर अखंड चढत नाही. तिचे वीत-वीतभर तुकडे करून ते ताण्याच्या धाग्यांना वेगवेगळे बांधावे लागतात, आणि बांधताना गाठी सुटतात, सरकतात. हे हैबतीला समजलं तसा तो पुढे झाला आणि उजवा हात त्याने ओट्यावर ठेवला.

"अंगठा घ्या," तो म्हणाला. "पर दोरी तोडू नका. माझी आजी डोळ्यांनी गेलीया. ती म्हनली, पुढल्या खेपेपत्तुर मी न्हाई टिकायची, तू समदं आन. त्यात समदं हाय."

लिंबाशेटांनी त्याच्याकडे बघितलं आणि संशय दुप्पट झाला, असं सांगतात. अंगठा द्यायला तयार होतो, म्हणजे दोरीत काहीतरी मोठंच असणार. त्यांनी स्वतःच्या हाताने कात्री घेतली. अकरा हातांचे तुकडे झाले.

तान्हाआत्या विणायला बसली. सगळी पेठ मागाभोवती वाकून उभी. दोन वीत कापड झालं, तशी ती थांबली. खाली ना पान होतं, ना कोयरी. एक वाकडं फूल, मग ठिपका, मग नुसतं रिकामं, मग गर्दी. तिने आणखी दोन वीत विणलं. तेच. कुठलीच नक्षी परत येईना.

"ही नक्षी नाही, लिंबाशेट," तान्हाआत्या म्हणाली. "ही नक्षी असती तर कधीतरी परत आली असती. हे कुणाचे तरी दिवस आहेत."

हैबती भिंतीला टेकून खाली बसला होता. हातावर दोरी गुंडाळायची त्या जागी तो बोटं फिरवत होता. मग म्हणाला, "पयल्या दिशी हौद बघितला. मग हत्ती. का हत्ती आधी?" पुढे त्याला सांगता येईना. मागावरच्या गाठी सरकल्या होत्या, आणि महिन्याभराचं शहर डोक्यात एकात एक मिसळलं होतं. चुकीचं सांगावं तर शपथ मोडते, न सांगावं तर म्हातारी वाट बघत बसलेली.

कुणी म्हणतात, त्या वेळी वेलजाई लिंबाशेटांच्या अंगात आली. मला काही ते पटत नाही. आमच्या पेठेच्या भानगडीत पडायची देवीला हौस नसावी. माझ्या मते लिंबाशेट चतुर होते आणि चतुर माणसाला कधी कधी लाजही लवकर वाटते. ते उठले, हैबतीच्या समोर मांडी घालून बसले आणि म्हणाले, "आधी हौद. पाडव्याच्या दुपारी. तू दक्षिणेच्या पायरीवर बसलास, पाय पाण्यात सोडलेस आणि कारंजं उडालं तेव्हा मागे सरकलास."

हैबतीने मान वर केली. "तुमास्नी काय ठावं?"

"मला ठाऊक आहे," लिंबाशेट म्हणाले. "मी आंब्याच्या मागे होतो."

मग फुलवाली पुढे आली. "हत्ती दुसऱ्या दिवशी. तुझ्या डोईवर सोंड ठेवली त्याने, तू डोळे मिटलेस." न्हावी म्हणाला, "हत्ती तिसऱ्या दिवशी. दुसऱ्या दिवशी हा बुरूज चढला." "अगं बाई, मी नव्हते का तिथं?" "तू होतीस, पण तुझं लक्ष गिऱ्हाइकाकडं!" बघता बघता सगळी पेठ भांडायला लागली, कोणती मिरवणूक आधी, डाळीत कैरी किती आंबट होती, फडात काळा पैलवान जिंकला की गोरा. महिनाभर ज्यांनी त्याला चोर समजून पापणी हलू दिली नव्हती, त्यांना त्याचा एकेक दिवस त्याच्यापेक्षा जास्त आठवत होता. हैबती ऐके, पटलं तर होय म्हणे. नाही पटलं तर, "न्हाई, दोन हत्ती हुते," म्हणून थांबवी. तान्हाआत्याने राईवेलीचं रेशीम त्याच्या हाती दिलं आणि तो त्यावर पुन्हा गाठी मारू लागला. असे तीन दिवस गेले.

शेवटी लिंबाशेटांनी विचारलं, "काही राहिलं?"

"येक राहिलं," हैबती म्हणाला. "रोज मागं मागं येणारा गुलाबी पागोट्यावाला मानूस. त्याची बी गाठ हुती."

"त्याचं काय सांगणार होतास वाडीत?"

"हेच, की शेरात पावन्याला येकटं सोडत न्हाईत."

लिंबाशेटांनी पागोटं काढून मांडीवर ठेवलं, असं सांगतात. मग म्हणाले, "मार गाठ. तसंच सांग."

हैबती गेला. तो पोचला तेव्हा त्याची आजी होती की नव्हती, हे कळायला मार्ग नाही. तान्हाआत्याने ते चार वीत कापड उसवू दिलं नाही. पुढच्या चैत्रात मागावरच्या सगळ्याच तुकड्यांचा क्रम धरून तिने देवीच्या लुगड्याचा खालचा काठ विणला, आणि तेव्हापासून तो तसाच विणतात. एका होतकरू विणकराने एकदा तो सुधारून सरळ केला होता, त्याला पेठेने अख्खा काठ उसवायला लावला.

संशयाची खोड मात्र गेली नाही, हे मी आधीच कबूल करतो. आजही उन्हाळ्यात परका माणूस रंभापुरात हिंडायला लागला की आम्ही त्याच्यावर डोळा ठेवतो. फक्त तो निघाला की त्याला तसाच जाऊ देत नाही. वेशीजवळच्या ओट्यावर बसवतो आणि त्याने आमच्या शहरात काय काय पाहिलं, ते पहिल्या दिवसापासून त्याला सांगतो, म्हणजे घरी गेल्यावर त्याचं काही विसरायला नको.

तुमची गाडी पाच वाजता आहे ना? मग बसा. परवा सकाळी तुम्ही उतरलात, तेव्हा आधी हौदाकडे नाही, चहाच्या टपरीकडे गेलात.