मंजुरीचं बटण

"...म्हणून विचारतो, बुवा, ऑफिसातल्या सहाही जणांना कामावरून काढून टाकलं तर माझं चुकेल का?"

मठाच्या पडवीत रामगीर बुवा गवार मोडत बसले होते. शेजारी मीही. मास्तरकी संपल्यापासून मठातली भाजी निवडणं हेच माझं काम, आणि बसल्या बसल्या चार गोष्टी कानावर पडतात, त्याला माझा इलाज नाही.

समोर मकरंद वाळिंबे. बुवांचा शिष्य, म्हणजे गुरुपौर्णिमेला पेढे घेऊन येणारा. पुण्यात त्याची सॉफ्टवेअरची छोटी कंपनी आहे. कुठल्या दवाखान्यात कुठलं औषध किती उरलंय, ते दाखवणारा प्रोग्रॅम ती चालवते. एरवी हा आला की मठाचं छप्पर कसं शाकारावं इथपासून आम्हाला शिकवतो. आज मात्र घरात कुणी गेल्यासारखा चेहरा. पुढं ठेवलेल्या चहाला त्यानं हातही लावला नाही.

"काय केलं त्यांनी?" बुवांनी विचारलं.

"फसवलं. दीड वर्ष फसवलं मला."

"पैसे खाल्ले?"

"पैसे खाल्ले असते तर परवडलं असतं हो!"

मग मकरंदनंच सगळं सांगायला घेतलं.

"आमच्याकडे नियम आहे. प्रोग्रॅममध्ये कुणीही काही बदललं, की ते आधी माझ्याकडे येतं. मी वाचतो. फोनवर मंजुरीचं बटण दाबतो. मगच ते दवाखान्यांपर्यंत जातं. माझ्या नजरेखालून गेल्याशिवाय एक ओळ हलत नाही... हलत नव्हती."

"मग?"

"परवा माझा अंगठा चुकून 'नामंजूर'वर पडला. आणि तरी तो बदल चालू झाला!"

तो पुढं सरकून बसला.

"मला वाटलं, बटण बिघडलं. उघडून बघितलं तर... बुवा, ते बटण कशालाच जोडलेलं नव्हतं. मी दाबायचो, हिरवी खूण उमटायची, संपलं. खरं काम दुसऱ्याच वाटेनं जात होतं. आपापसात एकमेकांचं तपासायचे आणि द्यायचे सोडून. तेजलनं केलं हे. आणि सगळ्यांना ठाऊक होतं. सगळ्यांना!"

मला हसू फुटलं. खोटं कशाला बोलू, चांगलं खदखदून येत होतं, म्हणून तोंड फिरवलं. पण परत वळलो तर त्याचे डोळे भरलेले. मग कसलं हसतोय मी.

"ही तेजल कोण?"

"माझ्याच हाताखाली तयार झालेली. कॉलेजातून आली तेव्हा काही म्हणता काही येत नव्हतं तिला."

"तिनं असं का केलं?"

मकरंद जमिनीवर नखानं रेघा ओढायला लागला.

"विचारलं नाहीस?"

"विचारलं." त्यानं मान खाली घातली. "म्हणाली, सर, दीड वर्षापूर्वी तुम्ही मेव्हण्याच्या लग्नात होतात. प्रोग्रॅम बिघडला होता. दुरुस्ती आम्ही सकाळीच करून ठेवली होती, पण तुमची मंजुरी नव्हती आणि तुम्ही फोन उचलत नव्हतात. एका दवाखान्यात संध्याकाळपर्यंत इन्सुलिन शिल्लक दिसत राहिलं, आणि फ्रिजमध्ये एकही बाटली नव्हती."

माझ्या हातातली शेंग तशीच राहिली.

"पेशंट?" बुवांनी विचारलं.

"वाचला. कुणीतरी पळत जाऊन बाहेरून आणलं."

"त्यानंतर असं पुन्हा झालं?"

"नाही."

"दुसरं काही बिघडलं?"

"तसं... नाही."

"आणि दीड वर्ष तू काय करत होतास?"

"मंजुरी देत होतो."

हे बोलला आणि स्वतःच्याच शब्दांनी चिडला. ताडकन उठला.

"प्रश्न बिघडण्याचा नाहीये, बुवा! प्रश्न विश्वासाचा आहे!"

"तू टाकला होतास त्यांच्यावर विश्वास?"

"टाकला होता की! रोज टाकत होतो. तपासून."

घ्या! तपासून म्हणे.

त्यानं खिशातून फोन काढला. "पत्र लिहून ठेवलंय. सहाही जणांना एकच. उद्यापासून कामावर येऊ नका. नुसतं पाठवायचं राहिलंय. म्हटलं, आधी तुमचा आशीर्वाद घ्यावा."

"बघू."

बुवांनी हात अंगावरच्या भगव्या छाटीला पुसले. फोन घेतला. लांब धरून, डोळे बारीक करून पत्र वाचलं.

"पाठवायला काय करायचं?"

"तो निळा बाण आहे ना वर, तो दाबला की..."

बुवांनी बाण दाबला.

सुर्रकन आवाज झाला.

"अहो बुवा!" ओरडलो तो मी. भाजीची परात लवंडली. इतकी वर्षं या माणसाच्या पायाशी बसतोय, मुंगीवर पाय पडू नये म्हणून वाट सोडून चालताना बघितलंय मी यांना. आणि सहा पोरांच्या ताटात माती कालवली, तीही बसल्या जागी!

मकरंद डोळे फाडून फोनकडे बघत होता.

"हे... हे काय केलंत?"

"तुला आशीर्वाद हवा होता."

"अहो, पण मी... त्यांच्यातल्या कोळेकरच्या बायकोचे दिवस भरत आलेत! तेजलनं दुप्पट पगाराची नोकरी सोडली माझ्यासाठी! आणि आज रात्री काही बिघडलं तर? दवाखाने बसलेत आमच्या भरवशावर! कोण बघणार?"

"तू आहेस की."

"मला काय येतंय त्यातलं? किती वर्षांत मी स्वतः एक ओळ लिहिली नाही!"

"मग कुणाला येतं?"

"त्यांना!"

"चोरांना?"

"चोर नाहीत हो ते! सोन्यासारखी पोरं आहेत माझी!"

बोलून गेला, आणि आपण हे काय बोललो म्हणून आमच्याकडे बघत राहिला.

मग फोन हिसकावून अंगणात पळाला. अनवाणीच. तेजलला फोन लावायला लागला. एकदा लावला. पुन्हा लावला. दीपमाळेच्या कट्ट्यावर चढून लावला. "उचल गं, उचल," असं पुटपुटत होता. बघवत नव्हतं.

आणि एकदम थांबला.

"रेंज नाही," तो म्हणाला. "इथं... रेंजच नाही."

जन्मभर फोन आणि कॉम्प्युटरवर पोट भरलेला माणूस, आणि एवढी साधी गोष्ट घाबरल्यामुळं सुचली नव्हती. पत्र गेलंच नव्हतं. फोनमध्येच अडकून बसलं होतं. घाटाच्या वळणावर गाडी पोचली असती, की आपोआप गेलं असतं.

त्यानं घाईघाईनं ते पुसून टाकलं. पुसलं गेलं का ते पुन्हा पुन्हा बघितलं. मग पायरीवर बसला आणि लहान मुलासारखा हुंदके देऊन रडला.

मी बुवांवर चांगलाच तापलो होतो. गवार गोळा करता करता विचारलं, "तुम्हाला ठाऊक होतं ना, इथून जात नाही ते?"

"मला काय कळतंय त्यातलं?" बुवा म्हणाले. "मला वाटलं, गेलं."

सर्रकन काटा आला माझ्या अंगावर. मकरंदनंही ते ऐकलं. त्याचं रडणं थांबलं.

बऱ्याच वेळानं तो उठला. बाहेरच्या रांजणातलं पाणी तोंडावर मारलं, शर्टाच्या बाहीनं तोंड पुसलं, आणि येऊन बुवांच्या पायांवर डोकं ठेवलं. आता त्याच्या चेहऱ्यावर जरा तेज आलं होतं. खांदेही पुन्हा ताठ झाले होते.

"वाचलो, बुवा. आता थेट ऑफिसात जातो. सगळ्यांना समोर बसवतो आणि सांगतो, झालं गेलं मी पोटात घातलं. तेजललाही माफ केलं. कुणाला काढणार नाही. सहाही जणांना ठेवून घेतो."

बुवांनी परात पुढं ओढली. एक शेंग मोडली. दुसरी मोडली...

"जा," ते म्हणाले. "आणि त्यांना विचार, ते तुला ठेवून घेतायत का."