थांबलेले हातोडे

“पण आक्का, आता मी दचकत नाही. मग अडलंय कुठं?”

आक्का मठाच्या पडवीत बसून पावट्याच्या शेंगा सोलत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

“खरंच सांगते. काल रखमाजी तांबटांच्या हातून भला थोरला बंब पडला. माझ्या पाठीमागे, हातभर अंतरावर. माझी पापणीसुद्धा लवली नाही. विचारा हवं तर त्यांना.”

“ऐकू आला?”

“काय?”

“बंब पडलेला.”

 विनया ताठ होऊन म्हणाली, “नाही.”

“हं…”

आक्कांनी पुढची शेंग घेतली.

ते ‘हं’ विनयाच्या चांगल्या ओळखीचं होतं. त्यात होही नसे आणि नाहीही नसे. आज मात्र तिला दोहोंतलं एक हवंच होतं. चारच्या एस.टी.ने दादा येणार होता. निघताना तिने घरी शब्द दिला होता, सहा महिन्यांत आक्कांनी अनुग्रह दिला तर मठात राहीन, नाही दिला तर मुकाट्याने परत येईन. अनुग्रह म्हणजे तरी काय, आक्कांनी कानात सांगायचे चार शब्द. पण त्या चार शब्दांसाठी बी.ए. झालेली ही मुलगी सहा महिने मठाची जमीन सारवत होती.

विनया लहानपणापासून दचकणारी. फोडणी तडतडली की दचके. कुणी मागून हाक मारली की हातातलं खाली. घरात तिला ‘ससुली’ म्हणत आणि मुद्दाम पाठीमागे ताट आपटून हसत. मठात आली त्या पहिल्याच दिवशी वाऱ्याने दार धाडकन लागलं, आणि आक्कांच्या पायांवर वाहायची फुलं पार वळचणीला गेली.

आक्कांनी ती एकेक करून वेचली. मग एवढंच म्हणाल्या, “शेजारी तांबट आळीत जाऊन बसत जा.”

विनया समजायचं ते समजली. आणि हट्टाला पेटली.

आळी म्हणजे समोरासमोरची आठ घरं. प्रत्येक ओट्यावर कुणीतरी हंडा नाहीतर घंगाळ मठारत बसलेलं. तांब्यावर हातोड्याचा ठोका, ठोक्याला लागून ठोका, सकाळपासून दिवेलागणीपर्यंत. पहिल्या दिवशी ती दर ठोक्याला उडत होती. आठ दिवस डोकं ठणकत राहिलं. रखमाजी म्हणाला, “बाई, कानात बोळे घाला.” तिने घातले नाहीत. दुसऱ्या महिन्यात खांदे उडायचे थांबले. चौथ्यात श्वास अडायचा थांबला. आता ती डोळे मिटून बसली की आळी कुठल्या कुठे जाई.

एवढं करून पुन्हा ‘हं’.

“आक्का, तुम्ही स्वतः या. बघा तरी.”

आक्कांनी ओच्यातली सालं झटकली आणि उठल्या.

आक्का कधी आळीत येत नसत. त्या भर रस्त्यात येऊन उभ्या राहिल्या तशा आठही ओट्यांवरच्या नजरा त्यांच्याकडे वळल्या. हात मात्र चालूच होते. रखमाजीच्या सुनेने पाळण्याला झोका देता देताच पदर सावरला. पाळण्यात महिन्याचं पोर त्या दणदणाटात गाढ झोपलं होतं. पलीकडे रखमाजीचे वडील तात्या ठोक्यांनी थरथरणाऱ्या भिंतीला टेकून पेंगत होते. सगळी हयात ठोके ऐकून ते ठार बहिरे झाले होते.

विनया रोजच्या जागी, रखमाजीच्या ओट्याच्या पायरीवर बसली. मांडी घातली. डोळे मिटले.

“आक्का,” रखमाजी ओरडून म्हणाला, “या बाईंच्या डोक्यावर घंगाळ पालथं घालून मठारलं ना, तरी हलायच्या न्हाईत. आमच्या बायका म्हणत्यात, देवळात बसवा आन् शेंदूर लावा.”

समोरच्या ओट्यावर कुणीतरी हसलं. विनयाला तेही ऐकू आलं नाही.

आक्का बघत राहिल्या… बराच वेळ.

मग त्यांनी उजवा हात वर केला.

आठही हातोडे जागच्या जागी थांबले.

विनयाच्या छातीत धस्स झालं. श्वास अर्ध्यावर अडकला, दंडावरचे केस उभे राहिले, बोटांनी आपसूक पायरीची कड घट्ट धरली. डोळे उघडले तेव्हा ती उभी होती. कधी उठली ते तिचं तिलाच कळलं नव्हतं.

पाळण्यातलं पोर किंचाळून उठलं.

बहिरे तात्या भिंतीपासून ताडकन सरळ झाले. “काय झालं रे? हात का थांबले?”

“काही न्हाई तात्या,” रखमाजीने हातानेच सांगितलं. “बसा.”

भर दिवसा आळीत असली शांतता कुणी ऐकली नव्हती. दूर कुठेतरी रहाट कुरकुरत होता. वळचणीत चिमण्या होत्या. विनयाला स्वतःच्या कानातलं रक्तदेखील ऐकू येत होतं.

तिच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं.

“सहा महिने…” ती म्हणाली.

आक्का जवळ आल्या. “कसला आवाज झाला?”

“आवाज नाही झाला. आवाज थांबला.”

“मग दचकलीस कशाला?”

“मी नाही दचकले. म्हणजे… अंगच उठलं.”

“तुला विचारून?”

“नाही.”

“त्या पोराला विचारलं असेल.”

सून पोराला खांद्यावर घेऊन थोपटत होती. तिने तोंड फिरवून हसू लपवलं.

विनयाने मात्र डोळे पुसले. ओठ घट्ट मिटले. हे असं तोंड ती करू लागली की दादादेखील वाद घालत नसे.

“ठीक आहे,” ती म्हणाली. “दादाला मी सांगते. शब्द मोडला तर मोडला. अजून सहा महिने बसते. वर्ष लागलं तर वर्ष. ठोक्याला दचकत नाही तशी शांततेलाही दचकणार नाही. अंगाला उठूच देणार नाही.”

“बसशील?”

“बसेन.”

“आणि मग?”

“मग काहीही झालं तरी मी हलणार नाही. तुम्ही म्हणाला होतात तशी.”

“मी काय म्हणाले होते?”

“आळीत जाऊन…” विनया बोलता बोलता थांबली.

“बसत जा, म्हणाले होते,” आक्का म्हणाल्या. “दचकू नकोस, असं कधी म्हणाले?”

  विनयाच्या हातावरचे केस तसेच उभे होते. एक चिमणी भुर्रकन उडाली आणि ती पुन्हा दचकली. या वेळी तिने ते लपवलं नाही.

रखमाजीने हातोडा उचलला. “आक्का, करू का सुरू? दुपारपातुर हंडा द्यायचाय.”

“थांब जरा,” आक्का त्याला म्हणाल्या. मग विनयाकडे वळल्या.

“दचकलेली आहेस तोवर कान पुढे कर.”