मेजाचा चौथा पाय

बंदरात आगबोटी यायला लागल्या, त्याच्याही आधीची ही गोष्ट. देवळकोंडात धाकू मेस्त्री नावाचा सुतार होता. तो एकही खिळा न ठोकता सामान करी आणि चार माणसांनी ओढलं तरी त्याचा सांधा सुटत नसे, असं म्हणतात. झाड तोडण्याआधी तो बुंध्याला कुऱ्हाड टेकवून एक दिवस थांबायचा, झाडाची माफी मागायचा.

गावच्या खोताला मेज हवं होतं. लाकूड त्याने हेरलं ते भागीरथी नावाच्या विधवेच्या परड्यातल्या फणसाचं. परडं तिचं, फणस तिचा. पण खोत म्हणाला माझा, म्हणून तो खोताचा झाला. गाव नुसतं बघत राहिलं. ते आपलेच पूर्वज, विसरू नका. मेस्त्रीलाही नाही म्हणायचा धीर झाला नाही. खोताने घाई केली आणि माफी न मागताच मेस्त्रीने पहिला घाव घातला. चीक आला तो तांबडा होता, असं म्हणतात.

मेज झालं, तीन पायांचं. चौथा कोपरा अधांतरी. समोरच्या पायातून निघालेली एक वाकडी फांदी खालून त्याला पेलत होती आणि ती फांदी कोपऱ्याला एकाच पाचरीने धरून होती.

"मेस्त्री, चौथा पाय घरी विसरलास काय?" खोताने विचारलं.

"तो भागीरथीच्या परड्यात आहे. पाचर तिथल्या जित्या मुळाची आहे. तिथे उरलेला बुंधा उपटू नका, खोतांनू. तो आहे तोवर मेज उभं."

खोत हसला. त्या दिवसापासून मेस्त्री कुणाला दिसला नाही. घरात हत्यारं ओळीने मांडलेली होती आणि सगळ्यांना ओला चीक होता.

तीन वर्षांनी खोताला परडंच हवंसं झालं. त्याची माणसं बुंधा उपटायला गेली. इकडे पडवीत त्याने मेजावर कागद पसरला आणि अंगठा द्यायला भागीरथीला बोलावलं. तिकडे बुंधा निघाला, इकडे पाचर गळून पडली. गुडघा टेकावा तसं मेज त्या कोपऱ्यावर बसलं. सावरायला खोताने हात टेकला. तीन वर्षं सुकलेल्या लाकडाला चीक सुटला होता. हात निघेना. फणसाचा चीक खोबरेलाने सुटतो, म्हणून ते ओतलं, तरी निघेना.

"भागीरथी, काहीतरी कर," खोत म्हणाला.

"मी काय करू? बुंधा जाग्यावर लावा. आणि पाणी तुमच्याच माणसांना घालू दे. माझी कंबर दुखते."

बुंधा लावला, पाणी घातलं, तेव्हा हात सुटला. तळव्याची कातडी मेजावरच राहिली. दुसऱ्या दिवशी मेज पुन्हा उभं होतं, पाचर जाग्यावर होती. ती कुणी ठोकली, हे विचारायला कुणी धजलं नाही.

देवळकोंडात आजही मेजाला तीनच पाय करतात. जमिनीचे कागद त्या जुन्या मेजावर होतात. ज्याची जमीन, त्याला अधांतरी कोपऱ्याशी बसवतात. सही करणारा आधी तळव्याला खोबरेल लावतो आणि धाकू मेस्त्रीचं नाव घेतो. मागच्या वर्षी रस्त्यासाठी जमिनी घ्यायला आलेले साहेब ते बघून हसले. रस्ता आखताना त्यांनी गावाला विचारलं नव्हतं. तेलही नको म्हणाले.

त्यांचा कागद अजून मेजावर आहे. निघत नाही.