चाळीस घोडे आणि गुंडाळलेली नदी

सांगा मंडळी, घशाला कोरड पडली असता भरवसा कोणावर टाकाल? चांदीच्या डोणीतले गार पाणी पुढे करणाऱ्यावर, की डोक्यावर बसून शिव्या देणारीवर? घाई नको. आधी ऐका, मग बोला.

एका राज्यात तीन वर्षे पावसाचा थेंब नव्हता. नदी तर एका रात्रीत नाहीशी झालेली. विहिरीत खडा टाकावा तर ठक्क वाजे. राजा वज्रधराच्या पागेत चाळीस घोडे होते. साळूबाईचा नवरा तिथला मोतद्दार होता, तो वारला, तेव्हापासून घोड्यांचा खरारा, चंदी, पाणी सारे तीच पाही. आता चंदीचे तोबरे रिकामे, पाण्याच्या पखाली रिकाम्या. तरी ती रोज ओल्या फडक्याने चाळीस नाकपुड्यांच्या जोड्या पुसून काढी.

एके दिवशी कुहकेतु नावाचा मांत्रिक दरबारात आला. त्याच्यामागे चांदीची डोण आपल्या पायांनी चालत आली, पाण्याने काठोकाठ भरलेली.

"महाराज, तुमच्या चाळीस घोड्यांना या डोणीवर पाणी पिऊ द्या. नदी परत येईल."

"आणि मोबदला?"

"घोडे माझे. बस्स!"

दरबारी आधीच ओंजळी भरभरून प्याले होते. त्यांनी एकदम माना हलवल्या. साळूबाई पुढे झाली.

"घोडे मिळायचे नाहीत."

"तुला कुणी विचारलं, बाई?" मांत्रिक हसला.

"घोड्यांनी."

राजा लहानपणापासून त्याच पागेत वाढलेला. तो म्हणाला, "साळूबाई, तीन दिवस दिले. कोठीतला दाणा मागायचा नाही, राजविहिरीचं पाणी मागायचं नाही. तिसऱ्या दिवशी सूर्य मावळताना चाळीसही उभे दिसले तर घोडे तुझे. एक जरी खाली बसला तर सगळे याचे."

ती बाहेर पडली तोच एक टिटवी येऊन तिच्या डोक्यावर बसली.

"अगं ठोंबे, चोराच्याच दारात चोरीचा माल शोधता तुम्ही सगळे? मी नदीच्या वाळूत अंडी घालते, मी पाहिलंय. या मांत्रिकानंच नदी चटईसारखी गुंडाळली आणि डोणीत कोंबली! जो पितो तो त्याचा होतो. माणसं फितली. आता चाळीस मुकी जनावरं प्याली, की नदी कायमची गेली. तहानलेल्यांनी तिसऱ्या सूर्यास्तापर्यंत त्या पाण्याला नाही म्हटलं, तरच शाप तुटेल."

"शिव्या कशाला देतेस?"

"गोड बोलायला मला काय विकायचंय?"

फुकटचे तेल आणायला गेलेला घरची पणती गहाण ठेवून येतो, हे बाजारात बसलेल्याला सांगावे लागत नाही. साळूबाईलाही लागले नाही.

पहिला दिवस चाऱ्याचा. तिने आपल्या झोपडीचे छप्पर उतरवले, गवत झटकले, घोड्यांपुढे टाकले.

"आता राहशील कुठे?" मांत्रिकाने विचारले.

"घोड्यांच्या सावलीत."

गवत पुरेना. मग ती राजाच्या बागेतल्या गवताने शाकारलेल्या मंडपावर चढली. राजा धावत आला. ती वरूनच म्हणाली, "कोठीचं बोलला होतात महाराज, छपराचं नव्हे." राजाने हसून शिडी धरली.

दुसरा दिवस पाण्याचा. आबोली नावाच्या म्हाताऱ्या घोडीचा लगाम काढून तिने तिला नदीच्या कोरड्या पात्रात मोकळे सोडले. घोडी हुंगत गेली, थांबली, खुराने वाळू उकरू लागली. हातभर खाली पाण्याचा झिरा लागला. प्रत्येक घोड्याला एकेक कटोरा मिळाला. साळूबाई फडके चोखून राहिली. सांजेला कुहकेतूने पाय आपटला, आणि वाळूचा दगड झाला.

तिसरा दिवस कसोटीचा. भर उन्हात डोण चालत पागेत आली. घोडे थरथरले, खिंकाळले. चाळीस तोंडे पाण्याला टेकली. पण कोणी प्यायले नाही. तापलेले जनावर हपापून प्याले तर पोटशूळाने मरते, म्हणून त्या पागेत शिंगरूपणापासून शिस्त होती: मोतद्दाराची शीळ झाल्याविना घोट नाही.

कुहकेतूने शीळ घातली, बासरीहून गोड. घोड्यांनी कान टवकारले आणि साळूबाईकडे पाहिले.

"निर्दये, तडफडतायत ते!" मांत्रिक ओरडला.

"तडफडतायत. पण उभे आहेत."

उन्हे कलली. एका तरण्या घोड्याचे गुडघे वाकले. साळूबाईने खांदा त्याच्या छातीखाली दिला. तिच्या पायांखालची माती सरकू लागली.

"महाराज, तुम्ही तरी घ्या," मांत्रिक म्हणाला. राजाची ओंजळ भरली, ओठांपर्यंत गेली. त्याने साळूबाईकडे आणि त्या घोड्याकडे पाहिले, पाणी मांत्रिकाच्या तोंडावर फेकले आणि घोड्याला दुसरा खांदा दिला.

सूर्य मावळला.

डोण तडकली. नदी सळसळत उलगडत गेली आणि आपल्या पात्रात जाऊन पडली. कुहकेतु मात्र चटईसारखा गुंडाळला जाऊन तिच्यात वाहून गेला. दरबाऱ्यांच्या माना हलायच्या थांबल्या.

राजा नदीकडे धावला. साळूबाईने त्याचा हात धरला.

"आधी घोडे. आधी फिरवून, मग थोडं थोडं पाजून."

तिने शीळ घालायला ओठ आवळले. ओठ फुटलेले, नुसती हवा आली, तरी घोड्यांना ती ओळखू आली. चाळीस माना पाण्यावर झुकल्या. राजा त्यांच्यामागे पाण्यासाठी एकेचाळिसावा उभा राहिला.

तर मंडळी, कोणाच्या वाट्याचे दाणा-पाणी तुमच्या हाती आले, तर हिशेब चोख ठेवा. मुके जनावर पावती मागत नाही.