मांडणीवरची कळशी

गावं अजून नदीचं पाणी प्यायची, तेव्हाची गोष्ट. सगुणावहिनींच्या मांडणीवर एक पितळी कळशी होती. दिवाळीला वहिनी ती चिंचेने घासायच्या नि पुन्हा वर ठेवायच्या. रोज नदीवर जाणाऱ्या, पोचे आलेल्या घागरीला ती हसायची.

एकदा घागर गळू लागली, म्हणून वहिनींनी कळशीला नदीवर नेलं.

"अगं, मासोळ्यांनी गुदगुल्या केल्या!" घरी येताच कळशी ओरडली. "खंड्या पक्षी माझ्या काठावर बसला! मी दगडांवरून गडगडले!"

"तुला पोचा आलाय," घागर म्हणाली.

"कुठे? दाखव ना!"

घागर दुरुस्त झाली. वहिनींनी कळशीला घासूनपुसून पुन्हा मांडणीवर ठेवलं. त्यांची पाठ वळते न वळते तोच कळशीने ठणकन खाली उडी मारली आणि गडगडत दार गाठलं.

"आणखी एक पोचा आला!" घागर म्हणाली.

"येऊ दे गं! चल लवकर, मासोळ्या वाट बघतायत!"