कुंभाराचा डावा डोळा

फार मागची गोष्ट. किती मागची ते विचारू नका, मला मोजता येत नाही. एका गावात एक म्हातारा कुंभार होता. त्याचे दोन्ही डोळे वर्षानुवर्षं आतून सुजायचे, लाल व्हायचे, ठणकायचे. त्या सुजेपायी दोन्हींत मोतीबिंदू धरला. उजव्यातला एका फिरत्या वैदूनं डोळा लाल असतानाच काढला, आणि तो डोळा कायमचा गेला. उरला डावा. त्यातूनही चाकावरची माती धुकट दिसायची.

शेजारच्या गावात डोळ्यांची एक वैदीण होती. हात हलका, बोलणं रोखठोक. कुंभार तिच्याकडे गेला नि म्हणाला, मोतीबिंदू आजच काढ. तिनं डोळा पाहिला. म्हणाली, आधी सूज जाऊ द्या. मग तीन महिने डोळा शांत राहिला पाहिजे. हे औषधाचे थेंब रोज घाला.

वीस दिवसांत लाली गेली. यानं थेंब बंद केले, वर गावभर सांगत सुटला की वैदीण घाबरट आहे. आठवड्यात डोळा पुन्हा मिरचीसारखा लाल. तसाच जाऊन तिच्या ओट्यावर बसला.

"काढ म्हणतोय ना. का हात कापतो तुझा?"

"काढते," वैदीण म्हणाली. "पण बाबा, मला उद्या पाण्याला मडकं हवंय. आज घडवा, आजच भाजा."

कुंभार हसला. "मातीतलं काही कळत नाही तुला. वरून कोरडं दिसलं तरी आत ओल असते. आव्यात घालून जाळ लावला की तडकतं. मग माझ्याच नावानं बोंबलशील."

वैदिणीनं त्याच्या लाल डोळ्याकडे बोट केलं. म्हातारा आधी हसत होता, मग खाली बघायला लागला.

"थेंब कुठंयत?" त्यानं विचारलं.

या वेळी त्यानं एक दिवस चुकवला नाही. कुरकुर रोज केली, ती गोष्ट वेगळी. तीन महिन्यांनी वैदिणीनं मोतीबिंदू काढला, आणि थेंब पुढंही चालू ठेवायला लावले.

पट्टी सुटली. घरी येऊन म्हाताऱ्यानं अंगणातली मडकी पाहिली. एकही सरळ नव्हतं.

"तीन वर्षं मी हे असलं वाकडं विकलं? कुणी बोललं का नाही?"

"बोललो होतो, मामंजी," सून म्हणाली. "तुम्ही आम्हालाच म्हणालात, तुमचे डोळे तपासून घ्या."

म्हातारा पोट धरून हसला, आणि चाकावर बसला.

तात्पर्य: डोळा आतून निवल्याशिवाय त्याला हत्यार लावू देऊ नका; मडकं फुटलं तर दुसरं घडवता येतं, डोळा नाही.